दाब, धर, सोड : आग्रा रोडने बुद्ध सर्किटपर्यंत

निघण्यापूर्वी

नाशिकमध्ये ज्या रस्त्याला आपण सवयीने आग्रा रोड म्हणतो, त्या रस्त्याने खरोखर आग्र्यापर्यंत जाण्याचा योग मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आला. आग्र्याच्याही पुढे, ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर दीड दिवस स्वतःची गाडी चालवायची, एवढाच या प्रवासाचा हेतू होता. जाण्यायेण्याचे अंतर सुमारे २४०० किलोमीटर आणि ट्रॅकवर प्रत्यक्ष चालवलेले अंतर २७२ किलोमीटर, हा हिशेब घरच्यांना पटवून देणे कठीण होते. मला मात्र तो पहिल्यापासून पटलेला होता.

अंबड औद्योगिक वसाहतीत माझे सीएनसी टर्निंगचे छोटे युनिट आहे. वाहनांच्या कारखान्यांना लागणाऱ्या पिना आणि बुश आम्ही बनवतो. तीन वर्षांपूर्वी मी २०१४ सालची, वापरलेली पोर्शे केमन घेतली. या गाडीचे सहा सिलिंडरचे, २.७ लिटरचे इंजिन बसणाऱ्यांच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे असते. त्याची ताकद २७५ अश्वशक्ती आहे आणि गाडीचे वजन १३०० किलोच्या आसपास आहे. अशी गाडी घेतल्यानंतर ती पळवायची कुठे, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहतो. रात्री अकरानंतर गंगापूर रोडवर किंवा त्र्यंबक रोडवर गाड्या पळवणारे आपल्या शहरात आहेत. त्या रस्त्यांवर दुचाकीवरून रात्रपाळीला जाणारे कामगार असतात, कुत्री असतात, मध्येच उघडणारे दुभाजक असतात. मला तो प्रकार अजिबात मान्य नाही. वेगाची ओढ असेल तर तिच्यासाठी वेगळी जागा हवी आणि ती जागा दूर असेल तर तेवढे दूर जावे, असे मला वाटते.

नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत, पण रेससाठी बांधलेला डांबरी ट्रॅक आपल्याकडे नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइमतूरजवळ एस. करिवर्धन यांच्या नावाचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आहे आणि ग्रेटर नोएडाला ५.१२५ किलोमीटरचे, १६ वळणांचे बुद्ध सर्किट आहे. मी शेवटचे निवडले, कारण २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वन झाली होती आणि तिन्ही वर्षी सेबास्टियन फेटेल जिंकला होता. त्या शर्यती मी टीव्हीसमोर बसून पाहिल्या होत्या.

ट्रॅक डे म्हणजे काय, हे येथे सांगायला हवे, कारण त्याला शर्यत समजण्याची चूक बहुतेक जण करतात. ट्रॅक डेला क्रमांक नसतात, बक्षीस नसते, एकाच वेळी सगळ्यांनी सुटायचे नसते. ठरलेले शुल्क भरून वीस वीस मिनिटांची सत्रे मिळतात, अनुभवाप्रमाणे गट पाडले जातात आणि नवशिक्यांच्या गटात पुढे जाणे फक्त सरळ रस्त्यावर, तेही पुढच्या चालकाने हाताने किंवा इंडिकेटरने वाट दिल्यावरच करायचे असते. तरीही जोखीम तुमची स्वतःचीच असते. आपल्याकडच्या खासगी कारच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी अशा वापराला संरक्षण नसल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर विम्याकडे हात पसरता येणार नाही, असे धरूनच निघावे. मी पत्नीला ते कलम वाचून दाखवले आणि मगच पैसे भरले.

तयारीचा मोठा भाग ब्रेकचा होता. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात आणि पेडल नुसतेच खाली जाते. म्हणून अधिक उष्णता सोसणारे नवे ऑइल भरून घेतले. पुढची चाके काढून ब्रेक पॅडची, म्हणजे डिस्कवर घासणाऱ्या पट्ट्यांची, जाडी व्हर्नियरने मोजली, ती १०.८ मिलिमीटर भरली. ही नोंद मी युनिटमधल्या तपासणीच्या रजिस्टरमध्येच केली आणि ते रजिस्टर सोबत घेतले.

दिवस पहिला : नाशिक ते इंदूर

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे साडेपाचला मी आणि माझा भाचा नाशिकच्या द्वारका चौकातून निघालो. तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सामान रचण्याचे काम त्याने आनंदाने स्वीकारले होते. केमनला पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या असतात. पुढच्या डिकीत हेल्मेट, टॉर्क रेंच, छोटा जॅक, ब्रेक ऑइलचे दोन डबे आणि अग्निशामक सिलिंडर, मागच्या डिकीत कपडे आणि आत्यासाठी द्राक्षांची पेटी, अशी त्याची विभागणी होती.

ओझरला धावपट्टीचे दिवे दिसले, पिंपळगावला कांद्याचे ट्रॅक्टर लागले आणि चांदवडला उजाडले. अहिल्याबाईंचा रंगमहाल येथेच आहे. त्यांच्या इंदूरला आम्ही त्याच दिवशी संध्याकाळी पोहोचणार होतो, म्हणून चांदवडला चहासाठी थांबलो. राहुड घाट, मालेगाव, धुळे, शिरपूर हा टप्पा सुरळीत गेला. गावाजवळचे गतिरोधक मात्र जीव खातात. ही गाडी एवढी खाली बसलेली आहे की उंच गतिरोधक तिरका घेतला तरच तिचे नाक वाचते. भाचा अशा प्रत्येक ठिकाणी काच खाली करून डोके बाहेर काढायचा आणि “मामा, अजून थोडी डावीकडे,” असे सांगायचा.

पळासनेर ओलांडल्यावर बिजासन घाट लागतो. आम्ही चढत होतो, समोरून ट्रक उतरत होते आणि त्यांच्या तापलेल्या ब्रेक लायनरचा जळका वास बंद काचांतूनही आत येत होता. जुलै २०२३ मध्ये याच पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना आणि रस्त्याकाठच्या हॉटेलाला धडकून अनेकांचे प्राण गेले होते. चढावर माझ्या गाडीला काहीच कष्ट पडत नव्हते, पण समोरचे दृश्य पाहून मी भाच्याला म्हणालो, “चढवणं सोपं असतं, बघ. उतरवताना कळतं गाडी कशी आहे ते.” पुढच्या तीन दिवसांत हे वाक्य मला अनेकदा आठवले.

खलघाटला नर्मदा ओलांडली. इंदूरच्या अलीकडे पिथमपूरजवळ वाहनचाचणीचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक जून २०२१ पासून सुरू आहे. तो कारखान्यांच्या चाचण्यांसाठी आहे, आमच्यासारख्यांना तेथे काम नाही. इंदुरात शिरल्यावर रस्त्याचे नाव बदलते. आपला आग्रा रोड तेथे ए. बी. रोड होतो, म्हणजे आग्रा-बॉम्बे. एकाच रस्त्याला एका गावाने पुढच्या टोकाचे नाव दिले आणि दुसऱ्याने दोन्ही टोकांचे.

आत्या लोकमान्य नगरात राहते. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारले, “अरे, एवढी महागाची गाडी, आणि दोनच माणसं बसतात?” द्राक्षे पाहून मात्र तिचा चेहरा खुलला. त्या रात्री जेवणात साबुदाण्याची खिचडी आणि पुऱ्या एकाच ताटात होत्या, हा इंदूरच्या मराठी घरांचा थाट आहे आणि मला तो फार आवडतो.

दिवस दुसरा : इंदूर ते ग्वाल्हेर

हा दिवस नुसता अंतर कापण्याचा होता. देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी असे सुमारे ५०० किलोमीटर आम्ही कापले. शिवपुरीला तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी फाशी दिले गेले. त्यांच्या पुतळ्याजवळ दहा मिनिटे थांबून पुढे निघालो आणि अंधार पडल्यावर ग्वाल्हेरला पोहोचलो.

दिवस तिसरा : ग्वाल्हेर ते ग्रेटर नोएडा

मुरैन्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीची शेते पसरलेली होती. चंबळेचा पूल ओलांडला, धौलपूर गेले आणि दुपारी बाराच्या सुमारास आग्र्याची पाटी दिसली. लहानपणापासून पाट्यांवर वाचलेले नाव गाव होऊन समोर आल्यावर मला वेगळेच समाधान वाटले. पण शहरात न शिरता आम्ही यमुना द्रुतगती मार्गावर चढलो.

हा १६५ किलोमीटरचा मार्ग २०१२ साली सुरू झाला. तो सिमेंट काँक्रीटचा आहे आणि त्यावर कारसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. सरळ, रुंद, रिकाम्या रस्त्यावर ही मर्यादा पाळणे या गाडीत बसून सोपे नाही, पण ती पाळायलाच हवी. एकसुरी सरळ रस्ता, तापलेले काँक्रीट आणि कमी हवेचे टायर यांच्यामुळे तेथे गंभीर अपघात झालेले आहेत. मी टायरमधली हवा सुरुवातीलाच तपासली आणि गाडी ९५ वर ठेवली. ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाने रस्त्यावर मर्यादा सोडणे म्हणजे ट्रॅकवर जाण्याचे कारणच सोडून देणे आहे, असे मी भाच्याला म्हणालो. तो तेवढ्यात झोपला होता.

संध्याकाळी हॉटेलच्या आवारात आम्ही चाके काढून पाहणी केली. पॅड १०.७ मिलिमीटर होते. चाके परत बसवून बोल्ट टॉर्क रेंचने १६० न्यूटन मीटरला आवळले. हे काम मी दुसऱ्याकडे सोपवत नाही.

दिवस चौथा : ट्रॅक

सकाळी सात वाजता गाड्यांची तपासणी झाली. बॅटरी घट्ट आहे का, काही गळते का, टायरची नक्षी पुरेशी आहे का, ओढण्याचा हूक लावला आहे का, केबिनमध्ये सुटे काही पडलेले नाही ना, हे सगळे पाहिले गेले. मग झेंडे समजावण्यात आले. पिवळा दिसला तर पुढे धोका आहे, वेग कमी करायचा आणि कोणालाही ओलांडायचे नाही. लाल दिसला तर सत्र थांबले आहे, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, यायचे. काळा तुम्हाला दाखवला तर तुम्ही पिटमध्ये यायचे. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. ज्यांना हे पाठ झाले नाही त्यांनी ट्रॅकवर येऊ नये, असे आयोजकांनी सांगितले आणि ते मला योग्य वाटले.

पहिल्या फेऱ्या एका पुढच्या गाडीमागे, हळू होत्या. टीव्हीवर ट्रॅक सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो चढउतारांचा आहे. पहिले वळण उजवे, दुसरे डावे, आणि मग चढत जाऊन तिसरे, अगदी आवळ उजवे वळण येते. त्यातून बाहेर पडल्यावर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आणि त्याच्या शेवटी पुन्हा आवळ असे चौथे उजवे वळण. पुढे डावी उजवी वळणे एकामागून एक येतात आणि मग दहावे-अकरावे, जे मिळून एकच मोठे, बाहेरची कड उचललेले, लांबच लांब उजवे वळण होते. ट्रॅकची ठरलेली रेघ सोडली की बाजूला बारीक धूळ असते, आणि तिच्यावर चाक गेले की ते लगेच हाताला जाणवते.

माझ्या शेजारी प्रशिक्षक बसले होते. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असावेत. पहिल्या सत्रात ते फारसे बोलले नाहीत. मी तिसऱ्या वळणातून निघून पूर्ण जोर दिला, काट्याने ताशी २०० ओलांडले आणि चौथ्या वळणाची २०० मीटरची पाटी दिसायच्याही आधी मी ब्रेक दाबला. हळू, बराच वेळ, जसा आपण महामार्गावर टोलनाका दिसल्यावर दाबतो तसा. वळणापाशी पोहोचेपर्यंत वेग इतका उतरला होता की मला पुन्हा थोडा जोर द्यावा लागला. पिटमध्ये आल्यावर ते शांतपणे म्हणाले की इंजिनाबद्दल तुम्हाला सगळे माहीत आहे, पण या गाडीतले सर्वांत ताकदवान यंत्र कोणते ते तुम्हाला अजून माहीत नाही.

दुपारच्या जेवणापर्यंत मी त्याचा हिशेब करून पाहिला. चालकासह गाडीचे वजन १४३० किलो धरले आणि ताशी २०५ वरून ७८ किलोमीटरवर ती सुमारे ३.८ सेकंदांत आणली, तर जवळजवळ २० लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. तेवढ्या उष्णतेत नळाचे सहा लिटर पाणी उकळीला येईल. शक्तीच्या भाषेत हे सुमारे ७०० अश्वशक्तीइतके भरते. म्हणजे २७५ अश्वशक्तीचे इंजिन ज्या गाडीत आहे, त्याच गाडीचे ब्रेक त्याच्या अडीच पट ताकदीने काम करतात. वीस वर्षे वाहनांचे भाग बनवूनही हा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

पण जोरात दाबणे हा अर्धाच धडा होता आणि तो मी दुसऱ्या सत्रात शिकलो. पाय एकदम ठेवायचा आणि पूर्ण दाबायचा, म्हणजे भार पुढच्या चाकांवर येतो आणि टायर डांबराला घट्ट धरतात. खरा कठीण भाग ब्रेक सोडण्याचा होता. मी वळणाच्या तोंडाशी आलो की ब्रेक झटकन सोडून मग स्टिअरिंग वळवत असे. ब्रेक सुटला की गाडीचे नाक वर उचलले जायचे, पुढच्या टायरवरचा भार निघून जायचा आणि नेमके ज्या क्षणी त्या टायरनी वळायचे, त्याच क्षणी ते हलके व्हायचे. गाडी वळणाबाहेर सरकू पाहायची. प्रशिक्षकांनी सांगितले की टायरची पकड एका घागरीतल्या पाण्यासारखी आहे. थांबण्यासाठी जेवढे ओतले तेवढे वळण्यासाठी उरत नाही. म्हणून स्टिअरिंग जसजसे वळत जाईल तसतसा ब्रेक सुटत जायला हवा, आणि वळणाचा आतला बिंदू, ज्याला अ‍ॅपेक्स म्हणतात, तेथे तो पूर्ण सुटलेला असावा. हाताने जेवढे घ्यायचे तेवढे पायाने द्यायचे. ऐकायला हे सोपे वाटते. करताना पायाची बोटे आणि हाताची बोटे यांच्यात अजून ओळखच झालेली नाही, असे वाटत राहते.

दहाव्या-अकराव्या वळणाने मला सर्वांत जास्त त्रास दिला. त्याचा शेवट आत शिरताना दिसत नाही. नजर आपोआप बाहेरच्या कडेकडे जाते, आता आपण बाहेर फेकले जाणार अशी भीती वाटते आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला जातो. माझ्या गाडीत हे धोक्याचे आहे. वळणाच्या मध्यावर पाय उचलला की भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर सरकू लागतो. माझी गाडी फिरली नाही, कारण तिची घसरण रोखणारी यंत्रणा चालू ठेवलेली होती. पण प्रत्येक फेरीत त्याच जागी तिचा पिवळा दिवा डॅशबोर्डवर लुकलुकायचा. पहिल्या दिवशी एकही फेरी त्याच्याविना गेली नाही. प्रशिक्षकांनी मला वेळ मोजायला मनाई केली आणि फक्त तो दिवा मोजायला सांगितले.

चौथ्या सत्राच्या शेवटी ब्रेकचे पेडल लांब जाऊ लागले. पहिल्यांदा मला भास वाटला. पुढच्या वेळी ते आणखी खाली गेले. तेव्हा मी इंडिकेटर देऊन कडेने, ब्रेक न वापरता पिटमध्ये आलो. गाडी गिअर पार्कमध्ये टाकून आणि चाकांना लाकडाचे ठोकळे लावून उभी केली. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक लावायचा नसतो, कारण ब्रेकची उष्णता एकाच जागी कोंडते. टायर हाताला गरम लागत होते. सकाळी थंड असताना २८ पीएसआय हवा होती, ती ३४ झाली होती. थोडी हवा काढली आणि वाट पाहत बसलो.

दीड तासाने आम्ही ब्रेकची हवा काढायला घेतली. मी चाकाशी पाना घेऊन बसलो आणि भाचा पेडलपाशी. गॅरेजमध्ये हे काम करताना जे तीन शब्द ओरडले जातात तेच मी ओरडत होतो : “दाब… धर… सोड.” तो दाबायचा, धरून ठेवायचा, मी निपल, म्हणजे ब्रेकवरची हवा सोडण्याची छोटी तोटी, उघडायचो, बुडबुड्यांसह ऑइल नळीतून यायचे, मी निपल बंद करायचो आणि मग तो सोडायचा. तिसऱ्या चाकापाशी पोहोचल्यावर तो म्हणाला, “मामा, सकाळपासून सर तुला हेच सांगताहेत.”

ते खरे होते. आणि ऑइल का तापले, हेही मला तेथेच उमगले. मी जोरात दाबायला शिकलो होतो, पण भीतीने त्याआधीचे हळू दाबणे सोडलेले नव्हते. सरळ रस्त्यावर उगाच, दुसऱ्या वळणाआधी उगाच, लांब वळणात उगाच, असा मी दिवसभर ब्रेकवर पाय टेकवत होतो. थोडक्यात आणि जोरात लावलेल्या ब्रेकला दोन वळणांच्या मध्ये वाऱ्याने थंड व्हायला वेळ मिळतो. सतत घासत राहिलेल्या ब्रेकला तो मिळत नाही, आणि उष्णता पॅडमधून पिस्टनकडे, पिस्टनमधून ऑइलकडे सरकत राहते. बिजासन घाटात उतरणाऱ्या ट्रकचा वास आणि माझ्या गाडीचा वास एकच होता.

पाचवे सत्र मी अर्ध्या जोराने चालवले. दिवसभरात ३५ फेऱ्या झाल्या. संध्याकाळी चाके काढून पॅड मोजले, ते ९.३ मिलिमीटर होते. १.४ मिलिमीटर एका दिवसात गेले होते. पेट्रोल लिटरला जेमतेम साडेतीन किलोमीटर पडले होते, पण रजिस्टरमध्ये मी पॅडचा आकडा लिहिला, पेट्रोलचा नाही.

दिवस पाचवा : ट्रॅकवरची सकाळ

रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटे खुर्चीत बसून डोळे मिटले आणि सगळा ट्रॅक पायाने चालवून पाहिला. उजवा पाय जमिनीवर, प्रत्येक वळणाला दाब, धर, सोड. खेळाडू असे करतात हे ऐकले होते, पण त्या तऱ्हेने मला कितपत जमेल याची खात्री नव्हती.

पहिल्या सत्रात दोन फेऱ्या टायर गरम होण्यात गेल्या. तिसऱ्या फेरीत चौथ्या वळणाला मी १५० मीटरच्या पाटीवर ब्रेक दाबला. सीटबेल्ट छातीत रुतला, पोटातले पाणी पुढे आले, आणि मग पाय अगदी हळू, जणू अंडे ठेवतो आहोत तसा उचलत गेलो. नाक खालीच राहिले. गाडी रेघेवर आत वळली, आणि ती वळवावी लागली असे मला वाटलेच नाही. प्रशिक्षकांनी काही न बोलता अंगठा दाखवला.

दहाव्या-अकराव्यासाठी त्यांनी मला एक साधी गोष्ट सांगितली. आत शिरताना वेग थोडा कमीच ठेवायचा, ब्रेकचा शेवटचा अंश पहिल्या अ‍ॅपेक्सपर्यंत न्यायचा, आणि त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर एका जागी ठेवून नजर वळणाच्या पलीकडे, अजून न दिसणाऱ्या बाजूला लावायची. मान अवघडेल इतकी उजवीकडे वळवायची. बाहेरची कड पाहायचीच नाही. दुसऱ्या सत्राच्या पाचव्या फेरीत मी तसे केले. त्या वळणाला लागणारी सेकंदे फार लांब वाटली. इंजिनाचा आवाज पाठीमागे एकाच सुरात होता, स्टिअरिंग जड आणि स्थिर होते, आणि वळण हळूहळू उलगडत गेले. बाराव्यापाशी आल्यावर मला जाणवले की पिवळा दिवा लागला नव्हता.

पुढच्या फेऱ्यांत तो दोनदा लागला आणि बाकीच्या वेळी लागला नाही. भाच्याने पिटमागून, मला न सांगता, मोबाइलवर वेळ मोजला होता. आदल्या सकाळची चांगली फेरी २ मिनिटे ४१ सेकंदांची होती, आणि त्या सकाळची २ मिनिटे २९ सेकंदांची. अशा ट्रॅकवर बारा सेकंद हा मोठा फरक आहे. ट्रॅक जाणणाऱ्याला २ मिनिटे २९ सेकंदही फार संथ वाटेल, याची मला कल्पना आहे. पण त्यासाठी मी इंजिनाकडून काही अधिक मागितले नव्हते.

तिसरे सत्र मी पाच फेऱ्यांनंतर स्वतःहून संपवले, कारण मन थकले होते. थकलेले मन पाटी उशिरा वाचते. शेवटची फेरी ब्रेक न लावता, सावकाश केली, म्हणजे सगळे थंड होईल. मुख्य सरळ रस्त्यावरून जाताना रिकाम्या प्रेक्षागृहाकडे पाहिले. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये फेटेलने चौथे विश्वविजेतेपद येथेच निश्चित केले होते आणि याच सरळ रस्त्यावर गाडी गोल गोल फिरवून तिच्यापुढे हात जोडले होते. मी गाडी उभी केल्यावर तिच्या बॉनेटवर हात ठेवला. दुपारी पॅड मोजले. अठरा फेऱ्या, आणि ८.८ मिलिमीटर.

परत

परतीच्या अडीच दिवसांबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. ग्वाल्हेरला एक रात्र, आत्याकडे एक रात्र. बिजासन घाट आता उताराचा होता. मी गिअर खाली ठेवला, इंजिनाने गाडी धरून ठेवली आणि पूर्ण उतारावर ब्रेकला पाय मोजकाच लागला. पुढे एक भरलेला ट्रक अगदी संथ उतरत होता. त्याच्या चालकाने वाट देण्यासाठी हात बाहेर काढला, तरी मी घाट संपेपर्यंत त्याच्या मागेच राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी थेट अंबडला नेली आणि चाके काढली. पॅड ८.७ मिलिमीटर. भाच्याने रजिस्टर उघडून हिशेब मांडला : पहिल्या दिवशी ३५ फेऱ्यांत १.४ मिलिमीटर, म्हणजे फेरीमागे ०.०४०. दुसऱ्या दिवशी १८ फेऱ्यांत ०.५, म्हणजे फेरीमागे सुमारे ०.०२८, आणि तेही अधिक वेगाने. त्याने दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली. मी त्याखाली लिहिले : ब्रेक ऑइल बदलणे, पॅड अजून एका वेळेला पुरतील.